काळा बोळ, सुंठ आणि साबण

जुन्या इंग्रजी जाहिरातींची चित्रं मोबाइलवर अधूनमधून फिरत असतात. दातदुखीवर कोकेनचे थेंब, रडणाऱ्या तान्ह्या मुलासाठी मॉर्फिन घातलेलं सरबत, अशक्तपणावर कमरेला बांधायचा विजेचा पट्टा. खाली हशा आणि ठरलेला शेरा: काय खुळी माणसं होती! तेवढ्यात दुसरा कुणीतरी सरसावतो. तेव्हाचे डॉक्टर तरी काय करत होते? पारा पाजत होते, रक्त काढत होते. मग आजच्यांवर का विश्वास ठेवायचा, असा त्याचा सवाल. हा वाद मी इतक्यांदा वाचलाय की दोन्ही बाजूंची पुढची ओळ मला आधीच सांगता येते. एकाच्या मते गिऱ्हाईक मूर्ख होतं, दुसऱ्याच्या मते सगळेच सारखे होते. माझ्या मते दोघेही एकाच जागी चुकतात. औषध घेणाऱ्याच्या डोक्यात काय होतं याचीच दोघांना चिंता. बाटलीत काय होतं, ते कोणाला ठाऊक होतं आणि ते न सांगण्यात कोणाकोणाचं भलं होतं, हे विचारायला कुणी तयार नाही. व्हिक्टोरियन काळातल्या रामबाण औषधांचा खरा घोटाळा गुपिताचा होता. गिऱ्हाइकाचा भोळेपणा त्यात फार थोडा होता.

आधी 'पेटंट' या शब्दाकडेच पाहा. आपल्याकडे एखाद्याचं 'पेटंट वाक्य' म्हणजे हमखास त्याचंच, ठरलेलं वाक्य. इंग्रजीत मात्र या शब्दाचा मूळ अर्थ 'उघडं' असा आहे. राजाने दिलेलं उघडं पत्र, मोहोर खाली लोंबणारं, कुणीही वाचावं असं. शोध लावणाऱ्याने आपली कृती जगाला सांगायची आणि त्या बदल्यात राजाने त्याला काही वर्षांचा मक्ता द्यायचा, असा हा सौदा. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात ज्या औषधांना लोक 'पेटंट औषधं' म्हणत, त्यांतल्या बहुतेकांनी हा सौदा केलेलाच नव्हता. पेटंट घ्यायचं म्हणजे घटक सांगणं आलं, आणि घटक सांगितले तर धंदा बसला. म्हणून नाव आपलं, बाटलीचा घाट आपला, वेष्टनावरची सही आपली, आणि आत काय आहे ते देवाला आणि मालकाला ठाऊक. ज्या वस्तूची सगळी किंमत झाकण्यात होती तिला जगाने 'उघडी' म्हणावं, यापेक्षा मोठा विनोद त्या जाहिरातींमध्येही सापडणार नाही.

आणि झाकलेलं होतं तरी काय? लँकेशायरमधल्या सेंट हेलन्सच्या थॉमस बीचमच्या गोळ्या त्या काळी घराघरांत होत्या. 'एका पेटीला एक गिनी (म्हणजे एकवीस शिलिंग) मोजावी अशा मोलाच्या' हे त्यांचं ब्रीदवाक्य. डोकेदुखी, अपचन, चक्कर, झोपेत दचकणं, मनाची उदासी असं काहीही असो, या घ्या. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ साली अशा अनेक औषधांचं रासायनिक पृथक्करण करून ते छापलं. बीचमच्या गोळीत निघाला काळा बोळ (म्हणजे कोरफडीचा वाळवलेला रस), सुंठ आणि साबण. म्हणजे आपल्या आजीच्या डब्यातल्या दोन वस्तू आणि मोरीतली एक. ५६ गोळ्यांची पेटी एक शिलिंग दीड पेनीला (शिलिंग म्हणजे बारा पेनी), आणि आतल्या मालाची किंमत सुमारे अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा भाग. विक्रीची किंमत मालाच्या शंभरपटीहून जास्त. थॉमस हॉलोवेच्या गोळ्या हिंदुस्थानापासून चीनपर्यंत विकल्या जात, आणि त्याही पृथक्करणात काळ्या बोळाच्याच कुळातल्या निघाल्या. थोडक्यात, जुलाब. साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता त्या काळात अर्ध्या साम्राज्याचं पोट एकाच वनस्पतीने साफ होत होतं.

इथे 'काय खुळी माणसं' म्हणणारा सुखावेल, म्हणून आधी त्याच्याशी हिशेब करतो. सन १८५० च्या सुमाराचा मँचेस्टरचा गिरणीकामगार डोळ्यांसमोर आणा. पोट दुखतंय, अंगात कसकस आहे. डॉक्टरकडे जायचं तर फी, आणि खाडा धरला तर रोज बुडाला. इतकं करून डॉक्टर देणार काय? बहुधा कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार, हिरड्या सुजून तोंडातून लाळ गळेपर्यंत. नाहीतर जळवा. देवीची लस, हिवतापावर क्विनीन, हृदयासाठी डिजिटॅलिस आणि वेदनेसाठी अफू एवढं सोडलं, तर त्या काळच्या मान्यताप्राप्त वैद्यकाच्या पोतडीत रोगावर नेमकं चालेल असं फारच थोडं होतं. अमेरिकेतले नामांकित डॉक्टर ऑलिव्हर वेंडेल होम्स १८६० साली आपल्याच व्यवसायबंधूंसमोर म्हणाले की काही मोजके अपवाद सोडून सगळी औषधं समुद्रात बुडवली तर माणसांचं भलंच होईल, हाल होतील ते माशांचे. लंडनमध्ये १८५४ साली पटकीची साथ आली, तेव्हा तिथल्या होमिओपॅथिक रुग्णालयात ६१ रोग्यांपैकी १० दगावले, तर इतर रुग्णालयांत मरणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास होतं. दोन्हीकडचे रोगी सारखेच आजारी होते असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण साखरेच्या गोळ्यांनी निदान कुणाचं रक्त काढलं नाही, पारा पाजला नाही. अशा वेळी एक शिलिंग दीड पेनीची सुंठ-बोळाची गोळी निवडणारा माणूस मला तरी खुळा वाटत नाही. त्याच्या हाती जे पर्याय होते, त्यांत त्याने बरा पर्याय निवडला.

आणि हे फक्त गरिबांचं किंवा अडाण्यांचं नव्हतं. चार्ल्स डार्विन १८४९ साली सगळं कुटुंब घेऊन माल्व्हर्नला डॉ. गली यांच्या जलोपचार केंद्रात जाऊन राहिला. ओल्या चादरीत गुंडाळून घेणं, पहाटे थंड पाण्याच्या धारेखाली उभं राहणं, हे सगळं त्याने केलं, आणि घरी परतल्यावर बागेत तशी सोय करून पुढेही चालू ठेवलं. आपल्याला बरं वाटतंय असं त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे. दोन वर्षांनी त्याची दहा वर्षांची लाडकी लेक ॲनी त्याच माल्व्हर्नमध्ये उपचार घेताना गेली. पुरावा तोलण्यात ज्याचा हात धरणारा शतकात सापडणार नाही, तो माणूस स्वतःच्या पोटाच्या बाबतीत तुमच्या-माझ्यासारखाच अगतिक होता. त्याला कोणी खुळा म्हणेल का?

तेव्हा पहिला गट हरला. पण दुसऱ्याने लगेच टाळी पिटू नये. 'डॉक्टरही चुकत होते' हे शंभर टक्के खरं. खोकल्यावर हेरॉइन हे कुणा गल्लीतल्या वैदूने आणलं नव्हतं, एका प्रतिष्ठित जर्मन कंपनीने १८९८ साली बाजारात आणलं. उलट क्लोरोडाइनसारखी काही गुप्त औषधं खरोखर गुण देत. हिंदुस्थानात लष्करात डॉक्टर असलेल्या जॉन कॉलिस ब्राउनने १८४८ च्या सुमारास पटकीसाठी ते तयार केलं. अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म यांचं ते मिश्रण. एवढं पोटात गेल्यावर वेदना थांबणार नाही तर काय होईल! इथल्या साहेबांच्या औषधपेटीत ते हमखास असे. मग फरक काय राहिला, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे.

फरक चूक होण्यात नाही, चूक सापडण्यात आहे. रक्त काढण्याचंच घ्या. पॅरिसमध्ये पियेर लुई या डॉक्टरने न्यूमोनियाचे रोगी मोजले. कोणाचं रक्त केव्हा काढलं, कोण जगलं, कोण गेलं, अशी कोष्टकं मांडली आणि १८३० च्या दशकात ती छापली. रक्त काढण्याचा जो डंका होता त्याला शोभेल असा काही फायदा त्यात दिसेना. त्यावर प्रचंड भांडण झालं. पण ते होऊ शकलं, कारण काय केलं हे सगळ्यांसमोर होतं. रक्त म्हणजे रक्त, किती औंस तेही लिहिलेलं. कॅलोमेलचं तेच. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६३ साली, लष्कराचे मुख्य वैद्यक अधिकारी विल्यम हॅमंड यांनी सैन्याच्या औषधसाठ्यातून कॅलोमेल काढून टाकायचा हुकूम दिला. डॉक्टर मंडळी खवळली, आणि पुढच्याच वर्षी वेगळ्या आरोपांवरून हॅमंड यांची नोकरीही गेली. म्हणजे व्यवसायाने शहाणपणाचं स्वागत केलं असं मुळीच नाही. तरीही हॅमंड यांना हुकूम तरी कशाविरुद्ध देता आला? ज्याला नाव होतं, ज्याची मात्रा ठरलेली होती, ज्याचे परिणाम दहा डॉक्टरांना ताडून पाहता येत होते, अशा वस्तूविरुद्ध. आता जेम्स मॉरिसनच्या 'वनस्पतिजन्य सार्वत्रिक गोळ्यां'कडे वळा. रक्त बिघडतं म्हणून सगळे रोग होतात आणि जोरदार जुलाब हा त्या सगळ्यांवर एकच उतारा, हा त्याचा सिद्धांत. गोळ्या मोठ्या मात्रेत घ्यायचा सल्ला. माणसं मेली, १८३० च्या दशकात या गोळ्या विकणाऱ्यांवर मनुष्यवधाचे खटले झाले, ते दोषीही ठरले. म्हणून मॉरिसनचा सिद्धांत कुठे दुरुस्त झाला का? नाही. गोळ्या खपतच राहिल्या. जी कृती गुप्त आहे तिच्या बाबतीत प्रत्येक मृत्यू सुटा, एकट्याचा राहतो. त्यांची बेरीज करणारी वहीच कुठे नसते.

गुप्त औषधांना डॉक्टरांचा जो विरोध होता तो धंद्याच्या मत्सरातून आला होता, हा आक्षेप मी निम्मा मान्य करतो. डॉक्टरही रोग्याला काय देतो ते सांगत नव्हतेच. चिठ्ठी लॅटिनमध्ये, बाटलीवर नुसतं 'मिश्रण' असं लिहिलेलं. रोग्याच्या दृष्टीने तेही गुपितच, आणि गुप्त औषधवाल्यांनी हा टोला डॉक्टरांना बरोबर लगावला होता. पण ती लॅटिन चिठ्ठी दुसरा डॉक्टर वाचू शकत होता, औषध बनवणारा वाचू शकत होता, कोर्टात न्यायाधीशाला वाचून दाखवता येत होती. बीचमची गोळी वाचायची तर रसायनतज्ज्ञ बसवावा लागला, आणि तोही साठएक वर्षांनी.

आता या गुपिताच्या वाटेकऱ्यांकडे येऊ. पहिला वाटेकरी खुद्द सरकार. ब्रिटनमध्ये १७८३ पासून अशा औषधांवर मुद्रांक शुल्क होतं. एक शिलिंगाच्या मालाला दीड पेनीचा मुद्रांक. म्हणूनच या औषधांची किंमत एक शिलिंग दीड पेनी अशी विचित्र दिसते. शिलिंग मालकाला, दीड पेनी सरकारला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या शुल्कापोटी खजिन्यात वर्षाला तीन लाख पौंडांहून अधिक रक्कम पडत होती. पेटीवर चिकटवलेला तो सरकारी मुद्रांक पाहून साध्या माणसाला काय वाटत असेल? सरकारने तपासलंय, सरकारचा शिक्का आहे. विक्रेते हा गैरसमज दूर करायला धावले नाहीत, हे सांगायला नकोच. दुसरा वाटेकरी वर्तमानपत्रं. जाहिरातींवरचा कर १८५३ साली आणि वर्तमानपत्रांवरचा मुद्रांक कर १८५५ साली उठला, पेनी-पेनीला विकल्या जाणाऱ्या पत्रांचं पीक आलं, आणि त्या पिकाला पाणी कुणाचं? बऱ्याच अंशी औषधवाल्यांचं. हॉलोवे १८४२ साली जाहिरातींवर पाच हजार पौंड खर्च करत होता. त्याच्या मृत्यूच्या सुमारास, १८८३ मध्ये, हा आकडा वर्षाला पन्नास हजारांवर गेला होता. म्हणूनच १९०९ साली मेडिकल असोसिएशनने पृथक्करण छापलं, तेव्हा त्याची पैसे मोजून दिलेली जाहिरातसुद्धा अनेक वर्तमानपत्रांनी नाकारली. बातमी तर सोडाच. मतस्वातंत्र्याचे झेंडे खांद्यावर मिरवणाऱ्या पत्रांना 'सुंठ आणि साबण' हे दोन शब्द छापवेनात. खुळेपणाचा शोध घ्यायचाच असेल तर तो वाचकात घ्यायचा की संपादकाच्या टेबलावर?

न्यायालयांचं काय? आपल्याकडे कायदा शिकणारा प्रत्येक जण पहिल्याच वर्षी एका धुराच्या गोळ्याला भेटतो. कार्बोलिक स्मोक बॉल म्हणजे रबराचा पोकळ गोळा, आत कार्बोलिक ॲसिडची भुकटी. दाबायचा आणि नळीतून येणारा फवारा नाकात ओढायचा. किंमत दहा शिलिंग, म्हणजे गरिबाच्या हिशेबात चैनच. इन्फ्लुएंझाच्या साथीच्या काळात, नोव्हेंबर १८९१ मध्ये, कंपनीने जाहिरात दिली की दोन आठवडे रोज तीनदा हा गोळा वापरूनही ज्याला इन्फ्लुएंझा होईल त्याला शंभर पौंड देऊ, आणि आमची नियत दाखवायला बँकेत हजार पौंड ठेवले आहेत. लुईझा कार्लिल या बाईंनी गोळा घेतला, जानेवारीपर्यंत नेमाने वापरला आणि त्यांना रीतसर इन्फ्लुएंझा झाला. कंपनीने आधीच्या पत्रांना उत्तर दिलं नाही, मग कळवलं की रोज आमच्या कचेरीत येऊन आमच्या देखरेखीखाली गोळा हुंगला असता तर गोष्ट वेगळी. खालच्या कोर्टात कंपनीचे वकील होते हर्बर्ट ॲस्क्विथ, पुढे पंतप्रधान झाले तेच. बाई तिथेही जिंकल्या आणि डिसेंबर १८९२ मध्ये अपिलातही जिंकल्या. जाहिरात म्हणजे नुसती बढाई नाही, तो बांधील करणारा प्रस्ताव असू शकतो, हे तत्त्व तिथे रुजलं आणि आपल्या करार कायद्याच्या वर्गात अजून शिकवलं जातं.

हा निकाल मी नेहमी ग्राहकाचा विजय म्हणून ऐकला होता. नीट पाहिलं तर त्यातली पोकळी दिसते. धुराच्या गोळ्याने इन्फ्लुएंझा टळतो का, हा प्रश्न कोर्टासमोर नव्हताच. कंपनीने नुसतं 'इन्फ्लुएंझा बरा होतो' असं छापलं असतं आणि शंभर पौंडांची फुशारकी मारली नसती, तर बाईंच्या हाती काहीही पडलं नसतं. म्हणजे खोटं बोलण्याला दंड नव्हता, पैज हरण्याला होता. आणि कंपनीने या हारेचं काय केलं? नवी जाहिरात काढली, बक्षीस दोनशे पौंडांवर नेलं, अटी वकिली काळजीने लिहिल्या, आणि वर तोरा असा की हजारो गोळे विकले गेले पण शंभर पौंड मागायला आले फक्त तिघे, यावरूनच गुण सिद्ध होतो. गुणाची मोजणी कोण करणार, तर दावा करायला किती जण आले त्यावरून विक्रेता स्वतः! हा युक्तिवाद ओळखीचा वाटत नाही का? 'लाखोंनी वापरलं, तक्रार एकाचीही नाही.'

आता सर्वांत गंभीर आक्षेप. मोठ्या माणसाने आपल्या जिवावर काय प्रयोग करावा हे ठरवणारं सरकार कोण? जॉन स्टुअर्ट मिलने, म्हणजे आपल्या आगरकरांच्या विचारांवर ज्याची गडद छाया होती त्याच मिलने, १८५९ साली स्वातंत्र्यावर लिहिताना नेमका विषाच्या विक्रीचाच दाखला घेतला. विकत घेण्यावर बंदी त्याला मान्य नव्हती. मात्र बाटलीवर धोक्याची सूचना लिहायची सक्ती केली तर कोणाच्याही स्वातंत्र्यावर घाला पडत नाही, कारण हातातली वस्तू विषारी आहे हे कळूच नये अशी इच्छा घेणाऱ्याची असूच शकत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणजे स्वातंत्र्याचा सर्वांत कट्टर वकीलसुद्धा गुपिताचं वकीलपत्र घ्यायला तयार नव्हता. औषधवाल्यांच्या तोंडी जी स्वातंत्र्याची भाषा होती ती निवडीच्या स्वातंत्र्याची नव्हती. न सांगण्याच्या सवलतीला त्यांनी ते गोंडस नाव दिलं होतं.

शिवाय सगळीच गिऱ्हाइकं मोठी माणसं नव्हती. गॉडफ्रेज कॉर्डियल नावाचं अफूचं सरबत इंग्लंडच्या गिरणीगावांत मुलांना पाजत. आई पहाटे कामावर जाणार, मूल सांभाळायला शेजारची म्हातारी किंवा आठ वर्षांची पोर. मूल झोपून राहिलं पाहिजे. फ्रेडरिक एंगल्सने १८४५ सालीच हे लिहून ठेवलं होतं. आई निर्दय होती का? मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या आपल्या बायकाही तान्ह्यांना अफूची 'बाळगोळी' देत, आणि १९२० च्या दशकातल्या पाहणीत हे प्रमाण जवळजवळ घरोघर असल्याचं नोंदलं गेलं. दोन खंड, दोन भाषा, एकच भोंगा. तरीही एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. बाळगोळीत अफू आहे हे परळच्या बाईला माहीत होतं. बाटलीवर नुसतं 'शांतवणारं सरबत' एवढंच लिहिलेलं असताना त्यात मॉर्फिन आहे हे मिसेस विन्स्लोचं सरबत विकत घेणाऱ्या अमेरिकन आईला माहीत नव्हतं. जी जाणून देते ती मात्रा तरी राखते, काळं-निळं पडलेलं मूल पाहून कारण तरी ओळखते. ब्रिटनने १८६८ च्या कायद्याने अफूची विक्री नोंदणीकृत औषधविक्रेत्यांच्या हाती दिली आणि बाटलीवर 'विष' लिहायला लावलं, तेव्हा पुढच्या काळात अफूने दगावणाऱ्या लहान मुलांची संख्या घटली. पण त्याच कायद्याने पेटंट औषधांना सूट दिली. ज्यांच्यावर आधी लिहायला हवं होतं नेमके तेच वगळले गेले, आणि क्लोरोडाइनच्या बाटलीवर 'विष' हा शब्द यायला १८९० चं दशक उजाडावं लागलं.

दानधर्माचा मुद्दाही पुष्कळ जण काढतात. हॉलोवेच्या गोळ्यांतून मुलींचं भव्य कॉलेज उभं राहिलं, १८८६ साली राणीने स्वतः त्याचं उद्घाटन केलं. मनोरुग्णांसाठी रुग्णालय उभं राहिलं. बीचमच्या नातवाने त्या पैशावर इंग्लंडला उत्तम वाद्यवृंद दिले. बीचम कंपनीच्याच प्रयोगशाळेतून पुढे अँपिसिलिनसारखी प्रतिजैविकं आली, ज्यांनी तुमचा-माझा जीव कधीतरी वाचवला असेल. हे सगळं खरं आहे, मी त्याला नाक मुरडणार नाही. पण अँपिसिलिन १९६१ चं. घटक लेबलवर छापण्याची सक्ती ब्रिटनमध्ये १९४१ साली झाली आणि बीचमची संशोधन प्रयोगशाळा १९४३ साली निघाली. एकामुळेच दुसरं झालं असा दावा मी करणार नाही. पण सुंठ-साबणाला गुपिताची किंमत मिळत होती तोवरच्या जवळजवळ शंभर वर्षांत त्या घराला नवं औषध शोधण्याची निकड वाटली नव्हती, एवढं तारखाच सांगतात.

गुपित ठेवणारा सज्जन असला तर? याचं उत्तर आपल्याच मुंबईत आहे, आणि ते मला अस्वस्थ करतं. डॉ. भाऊ दाजी लाड म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर, प्राच्यविद्येचे गाढे अभ्यासक, गरिबांना फुकट औषध देणारे. पैशासाठी त्यांनी काही लपवलं असेल असं त्यांच्या शत्रूलाही म्हणता आलं नसतं. १८६० च्या दशकात त्यांनी महारोगावर एका देशी वनस्पतीचे प्रयोग चालवले होते, आणि रोग्यांना गुण येत असल्याचं बोललं जात होतं. औषध कोणतं, हे मात्र ते जाहीर करेनात. पुरती खात्री झाल्यावर सांगू, अशी त्यांची भूमिका. टीका झाली, मागणी झाली, ते बधले नाहीत. १८७४ साली ते गेले. ते कडू कवठाच्या कुळातल्या बियांचं तेल होतं असं मागाहून समजलं. याच कुळातलं चालमोगऱ्याचं तेल पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महारोगावरचा जगभरचा मुख्य उपचार ठरलं. म्हणजे भाऊ दाजी बहुधा योग्य वाटेवर होते. पण त्यांच्या रोग्यांच्या नोंदी दुसऱ्या कुणाला ताडून पाहता आल्या नाहीत, मात्रा सुधारता आली नाही, श्रेयही हातचं गेलं. बीचमच्या गुपिताने निरुपयोगी वस्तू जगवली, तर भाऊ दाजींच्या गुपिताने उपयोगी वस्तू अडवली. हेतू दोन टोकांचे असताना परिणाम असा एकाच कारणाने बिघडत असेल, तर औषध देणाऱ्याचा चेहरा पाहून निवाडा करण्यात काय अर्थ आहे? देशी की विलायती, ऋषींचं की कंपनीचं, हा प्रश्न दुय्यम आहे. आत काय आहे, किती आहे, कोणावर मोजलं आणि मोजदाद कुठे पाहायला मिळेल, हे आधी.

आपल्याकडे औषधांच्या आणि जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात मधुमेहापासून कर्करोगापर्यंत ५४ रोगांची यादी आहे आणि ते बरे करण्याच्या जाहिरातींना मनाई आहे. रेल्वे रुळांकडेच्या भिंती वाचत प्रवास केलेल्या कुणालाही तो कितपत पाळला जातो हे सांगायला नको. त्यावर चर्चा निघाली की पुन्हा तेच: लोक अडाणी आहेत, नाहीतर ॲलोपॅथीवाले लुटतात. भिंत रंगवायचे पैसे कोणी दिले आणि जाहिरात छापणाऱ्याने काय विचारलं, हे तसंच राहतं.

ब्रिटनला या प्रश्नाला हात घालायला किती वेळ लागला, तेही पाहण्यासारखं आहे. संसदेने १९१२ साली समिती नेमली. पंतप्रधान होते ॲस्क्विथ, म्हणजे धुराच्या गोळ्याचे एके काळचे वकील. समितीने औषधवाल्यांच्या, संपादकांच्या, डॉक्टरांच्या साक्षी घेतल्या आणि निष्कर्ष काढला की कुणीही काहीही मिश्रण करून कोणत्याही रोगावरचा उपाय म्हणून विकलं, तरी ब्रिटिश कायदा त्याला अडवू शकत नाही. अहवाल प्रसिद्ध झाला तो दिवस होता ४ ऑगस्ट १९१४. त्याच दिवशी ब्रिटन महायुद्धात उतरलं, आणि अहवाल फडताळात गेला. घटक छापायची सक्ती आणि त्या मुद्रांक शुल्काचा शेवट, दोन्ही आलं १९४१ साली, दुसरं महायुद्ध चालू असताना.

लुईझा कार्लिल तेव्हा हयात होत्या. पुढच्या वर्षी, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्या वारल्या. डॉक्टरने नोंदवलेली कारणं दोन होती: वार्धक्य आणि इन्फ्लुएंझा.